लहान व्यवसायाच्या वेबसाइटची वापरचाचणी: तयारीपासून फेरचाचणीपर्यंत

वेबसाइट तयार झाली की बहुतेक जण ती चार नातेवाइकांना दाखवतात आणि विचारतात, "कशी वाटली?" उत्तर ठरलेलं असतं: "छान आहे." मग हंगाम सुरू होतो. लोक साइटवर येतात, अर्ध्यावरून निघून जातात आणि फोन करतात, "ऑर्डर व्हॉट्सअॅपवर दिली तर चालेल का?" साइटवर खर्च झालेला असतो आणि तरी सगळं काम फोनवरच चाललेलं असतं. नातेवाईक खोटं बोलले नव्हते. त्यांनी साइट पाहिली होती, वापरली नव्हती.

वापरणाऱ्याचं समाधान मत विचारून कळत नाही. त्याला खरं काम द्यायचं, शेजारी गप्प बसायचं आणि तो कुठे अडतो ते टिपायचं, तेव्हा ते कळतं. याला वापरचाचणी म्हणतात. ती घेणाऱ्यांचं बहुतेक वेळा चुकतं ते क्रमात: आधी साइट नव्याने बनवतात, मग लोकांना विचारतात. किंवा चाचणी घेतात, पण काम देताना उत्तरही सांगून टाकतात. म्हणून इथे क्रमावर भर आहे.

उदाहरण म्हणून देवगड-रत्नागिरीकडच्या एखाद्या बागायतदाराची हापूस विकणारी साइट धरू. होमस्टे, वाचनालय, पतसंस्था, प्रकाशनसंस्था, साइट कुठलीही असो, टप्पे हेच राहतात.

## टप्पा १ : काय तपासायचं ते कागदावर लिहा

वापरसुलभतेची जगभर मानली जाणारी व्याख्या आयएसओ ९२४१-११ या मानकात आहे (सुधारित आवृत्ती २०१८). तिचा गाभा असा: ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम किती परिणामकारकपणे, किती कमी कष्टात आणि किती समाधानाने करता येतं. "आमची साइट सोपी आहे का?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसतं. कोणाला, कुठे आणि कशासाठी सोपी, हे आधी ठरवावं लागतं.

तीन ओळी लिहा.

- कोण: पुण्या-मुंबईतली, साधारण पन्नाशीपुढची, फोनवरून खरेदी करणारी गिऱ्हाइकं. दुसरा गट: परदेशात राहणारी आणि इथल्या आईवडिलांसाठी आंबे मागवणारी मुलं.
- काय: ठरलेल्या तारखेआधी ठरलेल्या पत्त्यावर आंबे पोचवणं.
- कुठे: स्वतःच्या फोनवर, मोबाइलच्या नेटवर, मराठी कीबोर्ड लावून.

आता मोजायच्या तीन गोष्टी: काम पूर्ण झालं का, किती वेळ गेला आणि किती चुका झाल्या, आणि शेवटी कसं वाटलं. फक्त तिसरी मोजली तर हमखास फसायला होतं. पाच डझनांची पेटी मागवतोय असं समजून एक डझनाचा खोका मागवणारा माणूस साइटवरून खूश होऊनच बाहेर पडतो. खोका दारात आला की त्याचं समाधान संपतं, आणि तोवर तुमची चाचणी केव्हाच आटोपलेली असते.

## टप्पा २ : माणसं बोलावण्याआधी उघड दोष काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. जे दोष तुम्हाला स्वतःला एका दुपारी सापडू शकतात, त्यांच्यासाठी पाच जणांचा वेळ घालवू नका. उघड दोष राहिले की लोक तिथेच अडकतात आणि खोलवरचे दोष दिसतच नाहीत.

आधी वेग. साधा, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि साइट उघडा. माणूस संगणकाच्या प्रतिसादाची किती वाट पाहतो याचे अंदाज वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी मांडले, ते आजही कामाचे आहेत: ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो लगेच आल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. गूगलच्या निकषात पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावं, आणि दर चार भेटींपैकी किमान तीन भेटींत तसं व्हावं, असं अपेक्षित आहे. आंब्यांच्या साइटवर बहुधा दोषी असतो तो पहिल्याच पानावरचा बागेचा भला मोठा फोटो. तो लहान करून घ्या. पान उघडताना बटण खाली सरकतंय का, हेही पाहा. बोट "रद्द करा"वर पडतं ते त्यामुळेच.

मग मराठीचे दोष. साइट बनवून देणारे बरेचदा इंग्रजीत तपासून मोकळे होतात, म्हणून हे तुम्हालाच पाहावं लागेल:

- मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहे ना? श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तसाच चिकटवला तर दुसऱ्याच्या फोनवर अर्थहीन अक्षरं दिसतात.
- दरपत्रक चित्राच्या रूपात टाकलंय का? बॅनरवाल्याकडून करून घेतलेला तोच फोटो साइटवर चढवण्याची सवय फार पसरली आहे. चित्रातला दर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, मोठा केला की फुटतो, आणि दृष्टिहीन माणसाचं स्क्रीनरीडर तो वाचू शकत नाही. दर अक्षरांतच लिहा.
- बटणांवरच्या वेलांट्या आणि उकार कापले जातायत का? देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली जागा लागते. बटणाची उंची रोमन अक्षरांच्या हिशेबाने बांधली की "पूर्ण करा"मधला दीर्घ ऊकार अर्धा गायब होतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं असेल तर ते काढा, नाहीतर शिरोरेषा तुटते.
- पानाची भाषा "मराठी" म्हणून नोंदवली आहे का, हे डेव्हलपरला विचारा. स्क्रीनरीडरला योग्य आवाज निवडायला ती नोंद लागते. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणंही तिच्यामुळेच दिसतात.

शेवटी फॉर्म. मराठी कीबोर्डवरून ९८ असे देवनागरी अंक टाका. कित्येक फॉर्म "क्रमांक चुकीचा आहे" म्हणून नकार देतात आणि माणसाला स्वतःचंच काही चुकलं असं वाटत राहतं. आलेले देवनागरी अंक आतल्या आत बदलून घेणं हे डेव्हलपरचं छोटंसं काम आहे. ते करून घ्या. फोन आणि पिनकोडच्या रकान्यात बोट ठेवलं की अंकांचाच कीबोर्ड उघडला पाहिजे. नाव आणि पत्ता देवनागरीत लिहून पाहा. "क्षि" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणक ते चार चिन्हं म्हणून मोजतो. त्यामुळे पन्नास अक्षरांची मर्यादा असलेला पत्त्याचा रकाना मराठीत फार लवकर भरतो. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर तिथे बोट ठेवताच पान आपोआप मोठं होतं आणि "पुढे जा" बटण बाहेर सरकतं.

ऑर्डरचा एसएमएस मराठीत पाठवत असाल तर तोही तपासा. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. लांबलचक आभार सुरुवातीला आले तर ऑर्डर क्रमांक आणि तारीख दुसऱ्या तुकड्यात जातात. क्रमांक आणि तारीख पहिल्या ओळीतच ठेवा.

तपासा: अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५ : १ हवा, असं वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत म्हटलं आहे. आंब्याच्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं या कसोटीला उतरत नाहीत. फोन घेऊन उन्हात उभे राहा, कळेल.

## टप्पा ३ : पाच माणसं निवडा

निल्सन आणि लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष उघडे पाडतो आणि पाच जण मिळून सुमारे ८५ टक्के. सहाव्यापासून तेच तेच दोष दिसू लागतात. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्या आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा.

या आकड्याला एक अट आहे, ती सहसा सांगितली जात नाही: पाचही जण एकाच प्रकारचे वापरकर्ते हवेत. कोथरूडच्या निवृत्त शिक्षिका आणि न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. दोन्ही गट महत्त्वाचे असतील तर प्रत्येकातून किमान तीन-चार जण घ्या.

कोणाला घेऊ नये: साइट बनवताना सल्ला दिलेले, घरातले, आणि स्वतः संगणकक्षेत्रात काम करणारे. मागच्या वर्षी फोनवरून ऑर्डर दिलेली गिऱ्हाइकं सगळ्यात उत्तम. त्यांना आंबे हवेच आहेत, साइट मात्र त्यांनी वापरलेली नाही.

मानधन ठरवा आणि चाचणीच्या आधीच द्या. शेवटी दिलं तर काम पूर्ण केल्याचं बक्षीस मिळतंय असं वाटून लोक रेटून शेवटापर्यंत जातात. एरवी त्यांनी साइट कुठे सोडली असती, ते मग कळत नाही.

## टप्पा ४ : कामं लिहा

अख्खी चाचणी या टप्प्यावर उभी असते, त्यामुळे इथे घाई करू नका.

काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या आयुष्यातली गरज, गिऱ्हाइकाच्या शब्दांत. साइटवरच्या बटणाचं नाव त्यात येता कामा नये.

चुकीचं: "'आमची उत्पादने'मध्ये जाऊन दोन डझन हापूस कार्टमध्ये टाका आणि चेकआउट करा."

बरोबर: "तुमच्या आत्या कोथरूडला राहतात. अक्षय्य तृतीयेला त्यांच्या घरी आमरस व्हावा असं तुम्हाला वाटतं. चार माणसांना पुरतील एवढे आंबे त्यांच्याकडे पाठवा."

पहिल्या वाक्यात तुम्ही रस्ता सांगून टाकला. तपासायचं काही उरलं नाही. दुसऱ्यात माणसाला स्वतःच ठरवावं लागतं: चौघांना किती आंबे लागतील? पेटी म्हणजे नक्की किती? ते विकणाऱ्यागणिक आणि फळाच्या आकारागणिक बदलतं. साइटवर लिहिलंय का? आंबा तयार येणार की कच्चा? कच्चा आला तर सणाला पिकलेला असेल ना? हे सगळे प्रश्न गिऱ्हाईक एरवी फोनवर विचारतं. साइटवर त्यांची उत्तरं नसतील तर फोन वाजणारच, साइट कितीही देखणी असो.

पाच कामं पुरे. या साइटसाठी मी अशी निवडेन:

1. वरचं आत्यांचं काम.
2. "तुमच्या गावात हे लोक आंबे पोचवतात का, आणि पोचवण्याचे किती पैसे घेतात, ते शोधा."
3. "ऑर्डर दिल्यावर लक्षात आलं की पत्त्यात घरक्रमांक चुकला. काय कराल?"
4. "मागच्या आठवड्यात मागवलेली पेटी अजून आलेली नाही. ती कुठे आहे ते बघा."
5. "पेटीत चार आंबे खराब निघाले. पैसे परत मिळतात का, ते शोधा."

पहिल्या दोन कामांवर विक्री ठरते. शेवटच्या तिन्हींवर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येणार की नाही ते ठरतं, आणि बहुतेक साइटवर नेमकी तीच कामं करता येत नाहीत.

परदेशातल्या गटासाठी पहिलं काम बदला: "तुम्ही अमेरिकेत आहात. सांगलीला आईबाबांकडे आंबे पाठवा." इथे दोन दोष हमखास दिसतात. एक, ओटीपी फक्त भारतीय क्रमांकावर येतो, त्यामुळे माणूस पहिल्याच पायरीवर अडतो. दोन, फॉर्ममध्ये फोनचा एकच रकाना असतो. पैसे भरणारा स्वतःचा क्रमांक लिहितो आणि पेटी घेऊन सांगलीत दाराशी उभा असलेला माणूस न्यू जर्सीला फोन लावतो, तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. "घेणाऱ्याचा फोन" हा वेगळा रकाना दिला की हा प्रश्न मिटतो.

सावधान: प्रत्येक कामापुढे "पूर्ण झालं" म्हणजे नक्की काय, ते आधीच लिहा. दुसऱ्या कामाचं उत्तर "हो, पोचवतात, अमुक रुपये" असं नेमकं यायला हवं. "हो, बहुतेक पोचवतात" हे अपूर्ण.

## टप्पा ५ : रंगीत तालीम

पाचांबाहेरच्या एका माणसावर सगळं एकदा करून पाहा. काम समजतं का, वेळ किती लागतो, रेकॉर्डिंग नीट होतं का, एवढंच पाहायचं आहे. एकूण पाऊण तासाच्या वर जात असेल तर एक काम गाळा. तालमीतले निकाल मोजणीत धरू नका.

पैसे भरण्याची पायरीही इथेच ठरवा. खऱ्या ऑर्डरऐवजी एक रुपयाची चाचणी-वस्तू ठेवली तर भरणा शेवटपर्यंत पाहता येतो. यूपीआयचा पिन टाकताना रेकॉर्डिंग थांबवा आणि नजर दुसरीकडे वळवा.

## टप्पा ६ : प्रत्यक्ष चाचणी

माणसाच्या घरी जा, त्याचाच फोन वापरायला सांगा. तुमच्या नव्या फोनवर, तुमच्या वायफायवर घेतलेली चाचणी तुमच्याच परिस्थितीची असते.

सुरुवातीला परवानगी घ्या: स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड होणार आहे, तो कोण पाहणार, कधी पुसणार, आणि मध्येच थांबायचं झालं तर केव्हाही थांबता येईल. फोनवरचे संदेश दिसू नयेत म्हणून "डू नॉट डिस्टर्ब" लावायला सांगा.

मग हे सांगा, शक्यतो याच शब्दांत:

"काकू, परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. ही साइट मी बनवलेली नाही, त्यामुळे नावं ठेवलीत तर मला वाईट वाटणार नाही. फक्त एक करा, मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा. काय शोधताय, काय वाटतंय, कशाचा राग येतोय, सगळं."

साइट खरंच तुम्ही बनवली असेल तर ते वाक्य गाळा आणि चाचणी दुसऱ्या कोणाला घ्यायला लावा. आपल्याकडे समोरच्याचं मन राखण्याची सवय खोल आहे. बनवणारा समोर बसला असेल तर चांगली माणसंही दोष बोलत नाहीत.

कामाची चिठ्ठी हातात द्या, त्यांनाच मोठ्याने वाचू द्या आणि गप्प बसा. किंचित मागे आणि बाजूला बसा. समोर बसलात की लोक स्क्रीनऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघतात.

गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे. माणूस योग्य बटणाच्या वरून तिसऱ्यांदा बोट फिरवत जातो तेव्हा तोंडातून "तिथेच" निघू पाहतं. ते एक वाक्य निघालं की त्या पानाबद्दलचं सगळं निरीक्षण वाया गेलं. काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा:

- त्यांनी विचारलं, "इथे दाबू का?" तर: "मी इथे नसतो तर काय केलं असतं तुम्ही?"
- ते गप्प झाले तर: "आत्ता मनात काय चाललंय?"
- ते दचकले किंवा हसले तर: "काय होईल असं वाटलं होतं?"

"हे बटण दिसलं नाही का?", "हे सोपं आहे ना?" असे प्रश्न विचारू नका. पहिल्यात आरोप आहे, दुसऱ्यात उत्तर.

किती वेळ अडकले की काम थांबवायचं, तेही आधी ठरवा. मी साधारण अशी रेघ आखतो: घरी एकटे असते तर यांनी आत्ता साइट सोडली असती किंवा फोन लावला असता, असं त्यांच्याच बोलण्यावरून कळलं की "ठीक आहे, पुढचं घेऊ" म्हणायचं आणि "अपूर्ण" अशी नोंद करायची.

नोंद कशी करावी: वेळ, पान, केलेली कृती, उच्चारलेले शब्द. "गोंधळल्या" असं लिहू नका, तो तुमचा अर्थ झाला. "पिनकोड टाकला, तीनदा मागे गेल्या, म्हणाल्या, 'पोचवतात की नाही ते सांगतच नाही हे'" असं लिहा. महिनाभराने डेव्हलपरशी वाद झाला तर उपयोगी पडते ती ही नोंद.

सावधान: शोधाच्या चौकटीत काय टाइप होतं ते जसंच्या तसं उतरवा. हापूस, हापुस आणि रोमन लिपीतला हापूस, तिन्ही येतात. फक्त शुद्ध रूपावरच आंबे दाखवणारी साइट उरलेल्या दोघांना "काही सापडलं नाही" असं सांगते.

## टप्पा ७ : समाधान मोजा, पण काम झाल्यावर

प्रत्येक काम संपताच एकच प्रश्न: "हे काम किती सोपं गेलं? १ म्हणजे फार अवघड, ७ म्हणजे फार सोपं." आकडा ऐकला की विचारा, "पाचच का?" खरी माहिती त्या उत्तरात असते. काम अपूर्ण आणि आकडा ६, असं वारंवार होतं. माणूस दोष स्वतःकडे घेतो: "मलाच जमत नाही हो हे." अशी जोडी दिसली की तिच्याभोवती गोल करा, कारण अशी गिऱ्हाइकं कधी तक्रार करत नाहीत. ती नुसती येईनाशी होतात.

सगळी कामं संपल्यावर एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) नावाची दहा विधानांची प्रश्नावली द्या. जॉन ब्रूक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली आणि ती मोफत वापरता येते. प्रत्येक विधानाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) असे गुण द्यायचे. विषम क्रमांकाची विधानं साइटच्या बाजूची असतात, सम क्रमांकाची विरुद्ध, त्यामुळे हिशेब असा करतात:

- विषम विधानं: दिलेल्या गुणांतून १ वजा.
- सम विधानं: ५ मधून दिलेले गुण वजा.
- सगळ्यांची बेरीज गुणिले २.५.

समजा विषम विधानांना ४, ४, ३, ४, ४ मिळाले. एकेक वजा करून बेरीज १४. सम विधानांना २, ३, २, १, २ मिळाले. पाचातून वजा करून बेरीज १५. एकूण २९, गुणिले २.५ म्हणजे ७२.५.

हा आकडा टक्केवारी नाही. अनेक उत्पादनांवरच्या चाचण्यांची सरासरी ६८ च्या आसपास येते, त्यामुळे ६८ ही मधली रेघ धरा. पाच जणांच्या सरासरीत चढउतार बराच असतो. ७० चे ७२ झाले म्हणून हुरळून जाऊ नका. ५० चे ७५ झाले तर काहीतरी खरंच सुधारलंय.

तपासा: विधानांचं मराठी भाषांतर दोघांना वाचून दाखवा आणि नंतर त्यात बदल करू नका. उलटसुलट विधानांमुळे वयस्कर माणसांची गल्लत होते, म्हणून त्यांना विधानं वाचून दाखवणं बरं.

## टप्पा ८ : दोष क्रमाने लावा, मग दुरुस्त करा

पाचव्या चाचणीनंतर त्याच दिवशी बसा. प्रत्येक दोष एका चिठ्ठीवर लिहा, किती जणांना आला ते लिहा, आणि चार गटांत लावा:

1. ऑर्डर पूर्णच झाली नाही.
2. ऑर्डर झाली, पण चुकीची: वेगळं माप, वेगळी तारीख, चुकीचा पत्ता.
3. झाली, पण वेळ खाऊन किंवा चिडचीड होऊन.
4. दिसायला बरं नाही.

दुरुस्ती याच क्रमाने करा. चौथ्या गटावर सगळ्यांना बोलायला आवडतं, आणि डेव्हलपरची पहिली दुपार रंग बदलण्यातच जाते. पहिला गट रिकामा होईपर्यंत चौथ्याला हात लावू नका.

दोनच जणांना आलेला पहिल्या गटातला दोष, पाचही जणांना आलेल्या तिसऱ्या गटातल्या दोषाच्या आधी येतो.

पोचवण्याचे पैसे शेवटच्या पानावरच दिसत असतील तर तो दोष नुसता गैरसोयीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून नंतर वाढवत नेणं आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणं हे दोन्ही त्यांत आहेत. पिनकोड पहिल्याच पानावर विचारा आणि तिथेच पूर्ण किंमत दाखवा. आमच्या भागात पोचवत नाहीत हे गिऱ्हाइकाला पहिल्या मिनिटाला कळलं तर ते निमूट निघून जातं. पत्ता, फोन, ओटीपी सगळं भरून झाल्यावर कळलं तर ते चिडतं, आणि चार जणांना सांगतं.

नेहमीच्या चुका:

- सूचना वाढवणं. लोक रकाना चुकीचा भरतात म्हणून वर लाल अक्षरांत तीन ओळी लिहिल्या जातात. त्या कोणी वाचत नाही. रकानाच बदला.
- सांगितलेलं सगळं करणं. "इथे व्हिडिओ टाका" असं कोणी सुचवलं तर लिहून घ्या, पण विचार करा की ते कुठे अडले होते. बहुधा त्यांना आंब्याचा आकार कळत नसतो. हातात धरलेल्या एका फळाचा फोटो आणि वजन दिलं की भागतं.
- चूक दाखवणारा संदेश तसाच ठेवणं. "अवैध इनपुट" याने काहीच कळत नाही. "पिनकोड सहा अंकी हवा, तुम्ही पाच अंक टाकलेत" याने कळतं.
- सगळं एकदम बदलणं. मग कुठल्या बदलाने फरक पडला ते समजत नाही आणि नवे दोष शिरतात.

## टप्पा ९ : फेरचाचणी, आणि हंगामात काय करायचं

पहिल्या दोन गटांतल्या दुरुस्त्या झाल्या की नवे पाच जण घ्या. जुन्यांना साइट पाठ झालेली असते, त्यांचा वेग फसवा. कामं, शब्द, प्रश्नावली मात्र तीच ठेवा, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.

हापूसचा मुख्य हंगाम साधारण मार्च ते मे. म्हणून पहिली फेरी डिसेंबरमध्ये, दुरुस्त्या जानेवारीत, फेरचाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, असं वेळापत्रक धरा. मार्चपासून पानांची मांडणी गोठवा. ऐन गर्दीत बटणांची जागा बदलली की मागच्या आठवड्यात सरावलेलं गिऱ्हाईक पुन्हा नवखं होतं. बिघडलेली गोष्ट दुरुस्त करा, चांगली चाललेली हलवू नका.

हंगामात फोनजवळ एक वही ठेवा. साइट असूनही ज्यांनी फोन केला, त्या प्रत्येकाला आधी हवी ती मदत करा आणि शेवटी विचारा, "साइटवर कुठे अडलं?" तारीख, प्रश्न आणि पान, तीन रकाने पुरेत. जूनमध्ये त्या वहीतले सारखे प्रश्न एकत्र करा. सगळ्यात जास्त वेळा आलेले पाच प्रश्न म्हणजे पुढच्या डिसेंबरच्या चाचणीतली पाच कामं.